उठवणाऱ्याची जागा

नऊच्या नऊ जण पास झाले आणि फूटपट्टीने कपाळावर हात मारून घेतला.

फूटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात ती अकरा वर्षं होती. लागली त्याच आठवड्यात तिने साहेबांच्या केबिनचं दार मोजलं आणि ‘हे दोन इंच अरुंद आहे’ असं साहेबांच्याच तोंडावर सांगितलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, टेप हवी. बसमध्ये चढताना पायरी मोजणार, दुकानात गेली तर काउंटरची उंची मोजणार, कुणाकडे जेवायला बोलावलं तर त्यांचा संडास मोजून येणार. अशा बाईला जेवायला बोलावणारे कमीच असतात.

गेले दोन महिने ती एका भिंतीपायी भांडत होती. गावाच्या टोकाला एकशे वीस घरांची इमारत उठत होती. ‘सर्व वयांच्या, सर्व क्षमतांच्या माणसांसाठी’ असं बाहेरच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं आणि खाली हसऱ्या आजोबांचं चित्र होतं. आजोबांच्या हातात काठी होती, पण उभे असे ताठ की काठी दुसऱ्या कुणाची तरी असावी, यांनी नुसती धरायला घेतली असावी. तर ते असो. इमारतीत रुंद दारं होती, उंबरे नव्हते, चाकाची खुर्ची वळेल असे बोळ होते, अंधांना बोटांनी वाचता येतील अशी लिफ्टची बटणं होती. सगळं झकास. गाडं अडलं होतं संडासात.

कमोडच्या डाव्या-उजव्या हाताला दोन भिंती आणि दोन्ही भिंतींना धरायला स्टीलच्या दांड्या. बसणाऱ्याने दोन्ही दांड्या धरायच्या आणि उठायचं. साहेब त्या दांड्यांवर इतके खूश होते की भेटायला आलेल्या माणसाला आधी दांडीचा नमुना हातात द्यायचे, मग खुर्ची. फूटपट्टीचं म्हणणं एकच होतं. डावीकडची भिंत दीड फूट मागे घ्या. ज्याला दांडी धरूनही उठता येत नाही त्याला उठवायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी हवेत तरंगत नाही, त्यालाही दोन पाय टेकवावे लागतात.

“मॅडम,” साहेब म्हणायचे, “दीड फूट मागे म्हणजे पलीकडच्या खोलीतलं कपाट गेलं. एकशे वीस कपाटं गेली. लोक कपाट बघून घर घेतात हो, संडास बघून नाही घेत. आणि या दांड्यांचा हेतूच मुळी हा, की कुणाची गरज पडू नये. स्वावलंबन!”

स्वावलंबन हा शब्द साहेब छातीवर हात ठेवून म्हणत. तो ऐकला की फूटपट्टीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण तेच स्वावलंबन रोज सकाळी पावणेसातला तिच्या घरच्या संडासातून तिला हाका मारायचं.

घरात दोघंच, ती आणि बाबा. बाबा शाळेत कवायतीचे मास्तर होते. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना छाती पुढे, पोट आत, नजर समोर, असं उभं केलं होतं, आणि स्वतःही चाळीस वर्षं तसेच उभे राहिले होते. आता वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं, गुडघे त्याआधीच गेलेले. दिवसा काठी टेकत ते बागेपर्यंत जात. पण सकाळी सांधे असे आखडलेले असत की कमोडवर बसलेले बाबा तिथून हलत नसत. मग हाक. ती आत जायची, डाव्या हाताची बादली सरकवायची, तिथे पाय रोवायची, त्यांच्या काखेखालून हात घालायची आणि उचलायची. उभे राहिले की दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहाकडे वळत. याविषयी घरात चकार शब्द निघत नसे. बाहेर तर बाबा मुलीबद्दल एवढंच सांगत की नोकरी चांगली आहे, स्वयंपाकात कच्ची आहे.

दीड फूट हा आकडा तिने त्या बादलीच्या जागेवरून काढला होता. पण हे साहेबांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर बाबांनी जन्मभर तिचं तोंड बघितलं नसतं.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. म्हणाले, भांडत काय बसायचं, बांधून बघू. ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये सुताराने प्लायवूडच्या भिंती उभ्या करून अस्सल मापाचा संडास बनवायचा. कमोड खरा, दांड्या खऱ्या. नऊ माणसं बोलवायची, म्हातारी, अधू, जाड, बारीक. प्रत्येकाने कपड्यांनिशी आत जाऊन बसायचं आणि उठायचं. एकाला जरी जमलं नाही तरी भिंत सरकेल. सगळ्यांना जमलं तर विषय संपला. चार वाजता गवंड्यांचा मुकादम येईल, साहेब नकाशावर सही करून देतील, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंती चढतील.

फूटपट्टीला आनंद झाला. आपली बाजू आता भिंतच मांडेल असं तिला वाटलं. आणि या आनंदाच्या भरात तिने दोन घोडचुका केल्या. एक म्हणजे माणसं जमवायचं काम बाबांवर सोपवलं, कारण बागेत संध्याकाळी ते म्हाताऱ्याकोताऱ्यांचा बसल्या बसल्या करायच्या व्यायामाचा वर्ग घेत, आणि हवी तशी माणसं तिथे आयतीच होती. दुसरी चूक म्हणजे फॉर्म. तो तिने स्वतः बनवला. नाव, वय, आणि खाली दोन चौकोन : ‘जमले’, ‘जमले नाही’. उभा जन्म शाळेत घालवलेल्या माणसाच्या हातात तिने हा कागद आठ दिवस आधी दिला. पुढे काय होणार हे कुणालाही कळलं असतं. मापं काढण्यात बुडालेल्या बाईला तेवढं कळलं नाही.

ठरल्या दिवशी दहाला माणसं आली. आली ती रांगेत आली, आणि रांग उंचीप्रमाणे होती. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

पहिल्या नर्सबाई. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, अंगाने भरलेल्या, वॉकर ढकलत चालणाऱ्या. गेल्याच महिन्यात बागेतल्या बाकावरून त्यांना उठवायला दोन माणसं लागलेली फूटपट्टीने स्वतः पाहिली होती. नर्सबाई आत गेल्या, बसल्या आणि त्यांचे ओठ हलू लागले. “डावी टाच मागे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे. श्वास सोडायचा. आणि—” आणि बाई उभ्या!

रांगेतून टाळ्या पडल्या. साहेबांनी ‘जमले’वर खूण केली.

दुसरे पोस्टमास्तर. यांचे हात असे कापत की कपातला अर्धा चहा बशीत जायचा. त्यांनी दांड्या धरल्या तशा दांड्याही कापू लागल्या. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा टरारलेल्या, पण उठले.

“काका, त्रास झाला ना?” फूटपट्टीने आशेने विचारलं.

“छे छे,” पोस्टमास्तर धापा टाकत म्हणाले, “अगदी मजेत.”

तिसरे चाकाच्या खुर्चीतले घड्याळजी. चौकातल्या टपरीत घड्याळं दुरुस्त करणारे, चाळिशीचे. त्यांनी खुर्ची समोर लावली, दांड्या धरल्या, शरीर उचलून पलीकडे नेलं आणि तसंच परत आणलं. पाणी प्यायलासुद्धा याहून वेळ लागतो. “मला काय,” ते दंड दाखवत म्हणाले, “वीस वर्षं हेच करतोय.”

“बघा मॅडम!” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “खुर्चीतल्या माणसाला जमलं! याच्यापुढे आणखी कोण राहिलं?”

सगळेच राहिलेत, असं तिच्या ओठांवर आलं होतं. साहेबांच्या डोक्यात अपंग माणूस म्हणजे घड्याळजी, आणि घड्याळजींना जमलं की जगाला जमलं. पण घड्याळजींच्या दंडात जी ताकद होती ती त्या शेडमधल्या दुसऱ्या कुणातच नव्हती, साहेबांतही नव्हती.

चौथ्या बाई आत बसल्या असताना फूटपट्टीने सहज मान वळवली आणि सगळा उलगडा झाला. शेडच्या दाराशी बाबा उभे होते. काठी काखेत मारलेली, नजर आत बसलेल्या बाईंवर, आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत. बोटं मागे, म्हणजे टाच मागे. बोटं पुढे, म्हणजे नाक पुढे. मूठ आवळली की उठा.

ती तरातरा त्यांच्यापाशी गेली. “बाबा, हे काय चाललंय?”

“तयारी करून घेतलीय,” बाबा हळूच, पण अभिमानाने म्हणाले. “आठ दिवस. आधी बागेतल्या बाकावर, मग त्याहून बुटक्या कट्ट्यावर. नर्सबाई पहिल्या दिवशी रडल्या गं, म्हणाल्या, सर, या जन्मी नाही जमायचं. आज बघितलंस?”

“पण तयारी करायला सांगितलं कुणी?”

“कागदावर चौकोन होता ना, ‘जमले नाही’चा. माझ्या वर्गातलं माणूस जाईल का त्या चौकोनात?”

“अहो बाबा, परीक्षा माणसांची नव्हती! भिंतीची होती! भिंत नापास व्हायला हवी होती!”

“मग तसं लिहायचं होतंस कागदावर.”

कागद तिचा तिनेच लिहिला होता, आणि म्हणूनच तिचा संताप दुप्पट झाला. एकामागून एक माणसं आत जात होती, टाच मागे घेत होती, नाक पुढे काढत होती आणि विजयी मुद्रेने बाहेर येत होती. तिच्या डोळ्यांदेखत तिची भिंत नवव्यांदा पास होत होती. नववे बाबा स्वतः. ते आत गेले, बसले, उठले, आणि उठताना शेवटी एक हात सोडूनसुद्धा दाखवला. शेडमध्ये शिट्ट्या वाजल्या. सकाळी निघताना त्यांनी चोरून दुखण्याची गोळी घेतली होती हे तिला रिकाम्या पाकिटावरून कळलं होतं, पण गोळी या परीक्षेसाठी होती हे तिला आत्ता कळत होतं.

“सर, हा निकाल धरू नका,” ती साहेबांना म्हणाली. “यांनी आठ दिवस सराव केलाय.”

“म्हणजे सरावाने जमतं!” साहेबांचे डोळे चमकले. “वा! मग घराच्या चाव्यांबरोबर एक पत्रक देऊ की, कसं उठायचं त्याचं. चित्रांसकट. तुमच्या वडिलांनाच लिहायला सांगू.”

काही माणसांपुढे डोकं आपटायचं तर डोक्यालाच इजा होते. तिने हात टेकले. साहेबांनी खुशीत सगळ्यांना सहीपर्यंत थांबवून घेतलं, जेवण आणि मग चहा मागवला, आणि रांग मोडून लोक आपापल्या फॉर्मवरची खूण एकमेकांना दाखवू लागले.

साडेतीन वाजता ती बाबांना शेडच्या मागे घेऊन गेली. तिथे फळ्यांच्या राशीवर ते सावकाश टेकले. गोळीचा असर उतरत होता, हे त्यांच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

“सांगा साहेबांना,” ती म्हणाली.

“काय?”

“रोज सकाळचं.”

बाबांनी मान दुसरीकडे वळवली. “चारचौघांत?”

“अर्धा तास आहे हातात. तुम्ही एकटे खरं बोललात तरी भिंत सरकेल.”

“तिथे नर्सबाई आहेत, पोस्टमास्तर आहेत. आठ दिवस घसा कोरडा करून मी त्यांना सांगतोय, कुणाचा हात धरायचा नाही, आपण आपलं उठायचं. आणि आता मीच जाऊन सांगू, की मला माझी मुलगी उचलते?”

“मग मी सांगते.”

“सांग ना. खोटं आहे म्हणेन मी. आत्ताच सगळ्यांनी बघितलंय मला उठताना.”

तिला इतका संताप आला की शब्द आपोआप बाहेर पडले. “एकशे वीस घरं आहेत, बाबा. प्रत्येक घरात कधी ना कधी एक माणूस त्या भिंतींमध्ये अडकून बसणार आहे, आणि त्याला उठवायला आलेलं माणूस दारात उभं राहून नुसतं बघणार आहे. का, तर तुमची ऐट राहायला हवी. राहू दे. उद्या सकाळी मला हाक मारू नका. टाच मागे घ्या, नाक पुढे काढा आणि उठा.”

बोलून झालं आणि तिला स्वतःची लाज वाटली. बाबा तिच्याकडे बघतही नव्हते, फळीवरच्या खिळ्याच्या भोकात बोट घालून बसले होते. माफी मागावी असं तिला वाटलं, पण राग गेला नव्हता आणि खोटी माफी तिला कधी जमली नव्हती. ती तशीच आत निघून आली.

चारला मुकादम आला. साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले आणि पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. बाबा शेडच्या दारातून आत येत होते. ते कुणाकडे न बघता सरळ प्लायवूडच्या संडासात गेले आणि दार उघडंच ठेवून कमोडवर बसले.

“साहेब,” आतून त्यांचा कवायतीचा आवाज आला, “माझा फॉर्म काढा.”

“सर, तुमचं झालंय की. फर्स्ट क्लास!”

“ते गोळी घेऊन झालंय. आता गोळी उतरली. रोज सकाळी मी जसा असतो तसा आत्ता आहे. बघून घ्या.”

त्यांनी दोन्ही दांड्या धरल्या आणि जोर लावला. दंड थरथरले. शरीर चार बोटं वर आलं आणि परत खाली आदळलं. त्यांनी पुन्हा जोर लावला, या खेपेला दोनच बोटं. तिसऱ्यांदा नुसते दंड थरथरले.

“सर, टाच—” नर्सबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“टाच मागेच आहे, बाई.” बाबांनी दांड्या सोडल्या आणि हात मांडीवर ठेवले. “दोन वर्षं झाली, मला माझी मुलगी उठवते. रोज. आता इथे कशी उठवते ते बघा. ये गं.”

ती गेली. पुढे काय होणार हे तिने दोन महिन्यांपूर्वीच कागदावर काढून ठेवलं होतं. डावीकडे बाबांचा दंड, दांडी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम तळहात मावत होता. ती आडवी झाली, खांदा घातला, पण पाय ठेवायला जागाच नाही तर खांद्याचं काय करणार. मग समोरून. गुडघे आडवे आले. दोन्ही हात धरून ओढलं तर बाबांचे बूट फरशीवर सरकू लागले आणि ते कमोडवरून घसरून खाली बसायच्या बेतात आले. तिने घाबरून हात सोडले.

“सरका, मी बघतो,” साहेब म्हणाले. ते पुढे आले, डाव्या बाजूने आत घुसले आणि दांडी त्यांच्या पोटात रुतली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. त्यांचा चष्मा बाबांच्या डोक्यावर टेकला.

“साहेब,” बाबा खालून म्हणाले, “श्वास सोडा.”

सुताराने साहेबांना कमरेला धरून बाहेर ओढलं. कुणी हसलं नाही. नाही म्हणायला घड्याळजी हसले, पण त्यांनी रुमाल तोंडाशी धरला होता.

“माझी काही घाई नाही,” बाबा म्हणाले. चेहरा घामाने भिजला होता आणि आवाजातली कवायत संपत आली होती. “मी बसलोय. मुकादमांना उशीर होत असेल तर बघा.”

सुताराला कुणी काही सांगितलं नाही. त्याने पेचकस घेतला, डावीकडच्या प्लायवूडचे स्क्रू सोडवले आणि दांडीसकट अख्खी भिंत उचलून बाजूला नेऊन ठेवली. फूटपट्टी मोकळ्या जागेत शिरली, पाय रोवले, बाबांच्या काखेखालून हात घातला आणि ते उठले. एका दमात उठले, रोजच्यासारखे. फरक एवढाच की या वेळी चहाकडे वळता येत नव्हतं. दोघंही तिथेच उभे राहिले आणि अख्खं शेड त्यांच्याकडे बघत राहिलं.

“माझा कागद द्या इकडे,” नर्सबाई वॉकर खडखडवत टेबलाशी आल्या. “घरी माझी सून येते धरायला. मी तिला बाहेर कुणाला सांगू नको म्हणून बजावलंय. खोडा ती खूण.”

“माझीही,” पोस्टमास्तर म्हणाले. आणखी काही ते बोलले नाहीत, पण कापत्या हाताने स्वतःच खूण खोडायला गेले आणि सगळा कागदच फाटला.

“माझी राहू द्या,” घड्याळजी म्हणाले. “मला खरंच जमतं. पण म्हणून भिंत तिथेच पाहिजे असं मी कुठे म्हटलंय?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. पोट चोळत ते एकदा नकाशाकडे आणि एकदा उघड्या पडलेल्या कमोडकडे बघत होते. कपाटाची आठवण त्यांना झाली असावी, पण पोटाला लागलेली दांडी अजून ताजी होती. “बरं, बरं,” ते वैतागून म्हणाले. “दीड फूट ना? घ्या दीड फूट. मिस्त्री, मॅडम उभ्या आहेत तिथे खूण करा. मुकादम, नकाशा उद्या न्या.”

दोन महिने. दोन महिने जी गोष्ट आकडे सांगून पटली नाही ती साहेबांच्या पोटाला एका मिनिटात पटली. फूटपट्टीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसतं कुणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं. सुतार पेन्सिल घेऊन खाली वाकला आणि तिच्या चपलांना धरून रेघ ओढू लागला.

“थांबा,” बाबा म्हणाले. “हिच्या मापाने आखू नका.”

“बाबा, आता पुरे,” ती दातांवर दात धरून पुटपुटली.

“हिची कंबर गेलीय, साहेब. आतून पट्टा बांधते. हिला वाटतं, मला कळत नाही. रोज सकाळी त्या पट्ट्याची कड माझ्या बरगडीला लागते. ही आणखी फार तर वर्षभर उचलेल मला. मग दुसरं कुणीतरी ठेवावं लागेल. ते माणूस हिच्यासारखं काडी थोडंच असणार आहे? दोन फूट घ्या.”

पट्ट्याचं तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडेसुद्धा ती दुपारच्या सुट्टीत गुपचूप जाऊन आली होती, आणि पट्टा धुवून वाळत घालायचा तो कपाटाच्या आत. इतके दिवस आपण एकट्याच मूग गिळून बसलोय असं तिला वाटत होतं. इतक्या लोकांसमोर ते बोलून टाकल्याबद्दल तिला बाबांचा भयंकर राग आला.

“मी दोन महिने दीड फुटासाठी डोकं फोडतेय,” ती म्हणाली. आवाज फाटला होता.

“तुला मागताच येत नाही,” बाबा म्हणाले.

साहेबांनी तोंड उघडलं, नर्सबाईंकडे बघितलं, पोस्टमास्तरांच्या फाटक्या कागदाकडे बघितलं आणि तोंड मिटलं. सुताराने आधीची रेघ अंगठ्याने पुसली, सहा इंच पुढे सरकून नवी ओढली आणि शेजारी ‘२’ असा आकडा लिहिला.

“आणि आता कुणीतरी खुर्ची आणा,” बाबा म्हणाले. पोस्टमास्तर लगबगीने खुर्ची ओढत त्यांच्यामागे घेऊन आले.

“मला नको,” बाबा म्हणाले. “हिला द्या. मला उभं राहता येतंय.”